एकतीस चुकांचा नेमबाज

५ जानेवारी, रविवार

कागदाच्या एका व्यापाऱ्याने वाचनालयाला सहा डायऱ्या भेट दिल्या. अध्यक्षांनी तीन नेल्या, चिटणिसांनी एक, देवघेवीच्या टेबलावरच्या बाईंनी एक, आणि जिच्यावर गोंद सांडला होता ती ग्रंथपाल म्हणून माझ्या वाट्याला आली. सव्वीस वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचण्यात गेली, आता थोडं आपलंही लिहून बघू. खरं खरं लिहायचं ठरवलंय, म्हणून ही डायरी माझ्या पिशवीत तळाशी, छत्रीखाली राहील. बायकोच्या हाती पडली तर खरं लिहिण्यावर मर्यादा येतील.

तर खरं असं, की मला सासऱ्यांची भीती वाटते. लग्नाला चोवीस वर्षं झाली. तेवढ्या काळात आम्ही दोघं एकमेकांशी जे बोललो ते सगळं एका पोस्टकार्डावर मावेल. बाबा सैन्यात होते, आणि सैन्यात म्हणजे बँडमध्ये नव्हे. दुर्बीण लावलेल्या रायफलीने लांबून, लपून एकेक माणूस टिपणारे जे नेमबाज असतात, त्यांतले ते एक. दोन लढाया काढल्या, मग वीस वर्षं नव्या शिपायांना नेमबाजी शिकवली. लग्नाआधी मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्यांनी अर्धा मिनिट माझ्याकडे एकटक पाहिलं होतं. मी काही कारण नसताना खुर्ची थोडी डावीकडे सरकवली होती.

आता ते आमच्याकडेच राहायला आलेत. सासूबाई नोव्हेंबरात गेल्या. बाबांच्या डोळ्यांचा मधला भाग निकामी झालाय. कडेकडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं नेमकं तेवढंच दिसत नाही. एकटं ठेवणं शक्यच नव्हतं. आल्यापासून खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असतात आणि दोनच गोष्टी बोलतात. काही पुढे केलं की 'नको', आणि आग्रह केला की 'असू दे'.

७ जानेवारी, मंगळवार

डॉक्टर येऊन गेले. बाबांना तपासलं आणि बाहेर येऊन हळू आवाजात म्हणाले, "शरीरात बिघाड काही नाही. मनानेच आवरतं घेतलंय त्यांनी. वजन असंच उतरत राहिलं तर दोन-तीन महिन्यांत अवघड होईल. काहीही करून त्यांना बोलतं करा, खाणं मागोमाग येईल."

बायको स्वयंपाकघरात गेली आणि तिने मिक्सर लावला. तो बराच वेळ फिरतोय म्हणून मी डोकावलो, तर भांडं रिकामं होतं आणि ती रडत होती. गणिताची शिक्षिका आहे ती. रडणं हे तिचं काम नव्हे, रडवणं हे आहे. मला काय करावं ते सुचेना, म्हणून मी मिक्सर बंद केला.

डोळे पुसत म्हणाली, "अहो, जगाला पुस्तकं सुचवत असता. माझ्या बापासाठी एक सापडत नाही तुम्हाला?"

"त्यांना वाचता कुठे येतंय आता?"

"तुम्हाला येतं ना?"

हे बिनतोड होतं. मी विचार केला. बाबांनी जन्मभर दोघांवरच जीव लावला, सासूबाईंवर आणि रायफलीवर. सासूबाईंना परत आणता येणार नाही आणि रायफल मी घरात येऊ देणार नाही. राहिलं पुस्तक. युद्धातले नेमबाज आणि त्यांच्या रायफली यांच्यावरचं एखादं उत्तम पुस्तक शोधायचं आणि रोज संध्याकाळी त्यांना वाचून दाखवायचं. मला स्वतःला फटाका वाजला तरी दचकायला होतं, पण ते असो.

११ जानेवारी, शनिवार

आमच्या वाचनालयात माझा एक नियम आहे. आलेलं प्रत्येक पुस्तक मी आधी स्वतः वाचतो आणि त्याच्या कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने शेरा मारतो. 'उत्तम', 'बरं' किंवा 'नको'. 'नको'वाली मागच्या खोलीतल्या कपाटात जातात आणि त्याची किल्ली माझ्या खिशात असते. सव्वीस वर्षांत एकाही वाचकाच्या हातात मी 'नको' पडू दिलेलं नाही. लोक मला तुसडा म्हणतात. म्हणोत बापडे.

आज युद्धाची सगळी फळी धुंडाळली. सेनापतींच्या आठवणींचे सतरा खंड निघाले. नेमबाजांचं म्हणाल तर एकही नाही. सेनापतींना आठवणी लिहायला सवड मिळते, झुडपात पालथं पडून राहणाऱ्याला ती कुठून मिळणार? शेवटी एक कादंबरी सापडली. मुखपृष्ठावर एक डोळा मिटलेला, जबडा आवळलेला माणूस. शेरा 'बरं'.

देवघेवीच्या बाईंनी नोंद करताना विचारलं, "सर, तुम्ही आणि हे? कुणासाठी?"

"सासऱ्यांसाठी," मी म्हणालो.

बाई नुसतंच "हं" म्हणाल्या आणि माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या.

१२ जानेवारी, रविवार

आज ऐतिहासिक दिवस. सविस्तर लिहितो.

पाच वाजता बाबांसमोर स्टूल घेऊन बसलो. घसा खाकरला. ते खिडकीकडे तोंड करून होते. सुरुवात केली. नायक एका पडक्या इमारतीत शिरतो, खिडकीतून रायफलीची नळी बाहेर काढतो, एक डोळा मिटतो आणि शत्रूची वाट बघत तीन तास तसाच बसतो. लेखकाची शैली ओघवती आहे, मीही जरा रंगात आलो होतो.

"चूक," असा आवाज आला.

मी रेडिओकडे पाहिलं. तो बंद होता.

"चूक आहे," बाबा म्हणाले. "नळी खिडकीबाहेर काढली की रस्त्यावरून दिसते. खोलीत आत बसायचं, भिंतीला पाठ लावून, अंधारात. आणि एक डोळा तीन तास मिटला तर दुसऱ्याला अंधारी येईल. दोन्ही उघडे ठेवायचे. गाढवाला कुणी शिकवलं होतं?"

एका दमात एवढं! आत बायकोच्या हातातून काहीतरी पडलं. मी वाचत राहिलो. पुढे नायक गोळी झाडतो, तिथेच बसून सिगारेट पेटवतो आणि आयुष्याचा विचार करतो. बाबांनी खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. "एक गोळी झाडली की जागा सोडायची! आयुष्याचा विचार नंतर! असा विचार करणारे सगळे तिथेच राहिले."

पानापानाला हेच. बावीस पानांत नऊ चुका निघाल्या. मी पुस्तक मिटलं तेव्हा बाबांचा चेहरा लाल झाला होता. ओशाळून मी माफी मागितली. जेवताना ते लेखकाला शिव्या देत होते आणि त्या नादात दोनदा वाढून घेतलं त्यांनी.

माझी मात्र मान खाली गेली. ग्रंथपालाने सासऱ्यांसमोर इतकं भिकार पुस्तक न्यावं? त्या 'बरं' शेऱ्यावर उद्या जाऊन काट मारणार आहे.

२० जानेवारी, सोमवार

आठ दिवसांत आणखी दोन पुस्तकं झाली. दोन्ही 'चूक'. एकात बर्फात पडलेला नेमबाज मेलेल्या माणसाच्या कानात गोळीचा आवाज घुमल्याचं वर्णन करतो. ("गोळी आवाजाच्या आधी पोचते. ज्याला लागते त्याला ऐकू येत नाही. ऐकू येतं ते शेजारच्याला.") दुसऱ्यात नायक प्रेमाने रायफलीच्या नळीला भरपूर तेल पाजून थेट कामगिरीवर निघतो. ("तेलकट नळीतून पहिली गोळी भलतीकडे जाते! पुसून कोरडी करायची! लिहा, जावईबापू, लिहून घ्या!") मी लिहून घेतलं. काही कळत नव्हतं, पण लिहून घेतलं. पुढे म्हणाले, थंडीतून रायफल एकदम उबदार तंबूत आणली की भिंगांवर वाफ धरते, म्हणून ती बाहेरच ठेवायची आणि आपण आत झोपायचं. सासूबाईंनाही हे माहीत होतं म्हणे. एवढं बोलून खिडकीकडे वळले.

वजन अर्धा किलो वाढलं आहे. बायको शाळेतून आली की आधी बाबांच्या खोलीच्या दाराशी उभी राहून ऐकते. मला मात्र चैन नाही. रोज त्या माणसाला संताप येतो, रोज खुर्चीचा हात बडवतात, आणि त्याला कारण मी. एक निर्दोष पुस्तक मिळालंच पाहिजे. आता इभ्रतीचा प्रश्न आहे.

२९ जानेवारी, बुधवार

सापडलं!

स्टेशनच्या वाटेवर जुनी पुस्तकं विकणारा एकजण बसतो, त्याला सगळे रद्दीसम्राट म्हणतात. पंधरा दिवस त्याच्या मागे लागलो होतो. आज त्याने गठ्ठ्याखालून एक जाड, पाठ फाटलेलं पुस्तक काढलं. "साहेब, हे बघा. याचा लेखक स्वतःच नेमबाज होता. म्हणून तर खपत नाही."

दुपारी जेवणाच्या सुट्टीत सत्तर पानं वाचली आणि डबा उघडायचा राहून गेला. काय पुस्तक आहे! कुठे आरडाओरडा नाही, कुठे फुशारकी नाही. थंडीत तोंडात बर्फ धरायचा, म्हणजे श्वासाची वाफ दिसत नाही. नळीखालची माती भिजवायची, म्हणजे धूळ उडत नाही. लाकडी दस्ता पावसात फुगून नळीला दाबू लागतो, त्याची काळजी. आणि ज्याच्यासोबत हे सगळं केलं त्या जोडीदाराबद्दल तर अशा रीतीने लिहिलंय की मला दोनदा चष्मा पुसावा लागला. कार्डावर 'उत्तम' लिहिलं आणि खाली रेघ मारली. आयुष्यात पहिल्यांदाच रेघ मारली.

४ फेब्रुवारी, मंगळवार

विजय. पूर्ण विजय.

आज पाचवा दिवस. बाबा डोळे मिटून ऐकतात. एकही 'चूक' नाही. खुर्चीच्या हाताला धक्का नाही. मी मुद्दाम मधेमधे थांबून वर बघतो, तर ते तसेच. खोलीत फक्त माझा आवाज. इतकं एकाग्र ऐकणारा श्रोता मी आजवर पाहिला नव्हता. पुस्तक उत्तम असलं की माणूस असा मंत्रमुग्ध होतो.

इतके भारावले आहेत की जेवणाचंही भान नसतं. काल ताट तसंच राहिलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पुस्तक आज संपलं. शेवटच्या प्रकरणात जोडीदार परत येत नाही. वाचताना माझाच आवाज बसला. मी पुस्तक मिटून म्हणालो, "कसं वाटलं, बाबा?"

"असू दे," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

उत्तम साहित्यापुढे शब्द अपुरे पडतात ते असे.

८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी वजन केलं. दीड किलो कमी. मिळवलेलं सगळं गेलं आणि वर आणखी.

बायकोने वजनकाटा पायाने पलंगाखाली ढकलला, मला गॅलरीत नेलं आणि दार लोटलं. "दुसरं पुस्तक आणा."

"याच्याइतकं चांगलं आता मिळणं कठीण आहे ग."

"चांगलं नकोय मला!" ती ओरडली. "अहो, तुमच्या लक्षात कसं येत नाही? त्या माणसाला सगळं बरोबर लिहिलेलं वाचून दाखवलंत तुम्ही. आठ दिवस! त्यांना बोलायला काही ठेवलंच नाही. शिकवणाऱ्या माणसाच्या हातात पूर्ण बरोबर वही दिली तर तो काय करेल? सही करेल आणि झोपेल! माझा बाप झोपायला निघालाय. मला वाईट पुस्तक हवंय. चुकांनी भरलेलं. तुमच्या त्या कपाटातलं."

मी म्हणालो, सव्वीस वर्षांत मी कोणालाही 'नको'चं पुस्तक दिलेलं नाही. हा तत्त्वाचा प्रश्न आहे. तत्त्व एकदा मोडलं की—

तिने फक्त हात पुढे केला. मी खिशातून कपाटाची किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. मग तिने ती मला परत दिली, कारण तिला वाचनालयात येऊन काय उपयोग, असं ती म्हणाली. एवढ्यासाठी माझं तत्त्व आधी मोडून घेण्याची गरज नव्हती.

११ फेब्रुवारी, मंगळवार

कपाटातून चार निघाली. सगळ्यांवर माझ्याच हस्ताक्षरातलं 'नको'. पहिल्यात नायक एका गोळीत तीन शत्रू मारतो, तेही सूर्याकडे तोंड करून, उघड्या भिंगाने. बाबा खुर्चीतून उठले. स्वतःहून. आज महिन्याभरात पहिल्यांदा. खोलीत येरझाऱ्या घालत म्हणाले, "भिंग चमकलं की दोन मैलांवरून दिसतं! लेखक काय आरशाच्या दुकानात कामाला होता?"

दूध प्याले. बिस्किटं मागून घेतली. बायको आत जाऊन मिक्सर लावून आली, पण या वेळी त्यात खरंच काहीतरी होतं.

माझ्याविषयी लिहायचं तर आयुष्यात इतकं अपराधी कधी वाटलं नव्हतं. रोज संध्याकाळी मी एका वृद्ध, आजारी माणसाला जाणूनबुजून निकृष्ट साहित्य पाजतो आणि तो धष्टपुष्ट होतोय.

१७ फेब्रुवारी, सोमवार

चारही संपली. रद्दीसम्राटाकडे गेलो. "नेमबाजांवरचं एखादं अगदी वाईट पुस्तक आहे का? जितकं वाईट तितकं बरं."

त्याने मला स्टुलावर बसवलं आणि पाण्याची बाटली पुढे केली. "साहेब, ऊन लागलं का? गेल्या महिन्यात तुम्ही चांगलं मागत होता." मी समजावून सांगितलं. त्याने गठ्ठे उपसले, पण काही निघालं नाही. म्हणाला, वाईट पुस्तकं चांगली खपतात, शिल्लक राहत नाहीत.

घरी आलो तर बाबा खुर्ची दाराकडे वळवून बसलेले. "आज कोणतं गाढव आणलंत?" मी म्हणालो, आज काही मिळालं नाही. त्यांनी खुर्ची पुन्हा खिडकीकडे फिरवली आणि संध्याकाळी म्हणाले, "नको."

तो 'नको' मी ऐकला आणि मनात पक्कं केलं. मीच लिहितो. मी सव्वीस वर्षं लेखकांच्या चुका काढल्या आहेत. आठ चुका पेरून पंधरा पानं लिहिणं मला अवघड जाऊ नये. बाबांच्या टिपणांची वही आहेच, तिच्या बरोबर उलट लिहायचं.

२३ फेब्रुवारी, रविवार

पहिलं प्रकरण आज वाचलं. कागदांना खाकी कव्हर घातलं होतं, बाबांना सांगितलं की एका अपरिचित लेखकाचं नवं पुस्तक आहे. मी मोजून आठ चुका पेरल्या होत्या.

बाबांनी एकतीस काढल्या.

आणि माझ्या आठांपैकी दोन त्यांनी 'हे एक बरोबर आहे' म्हणून सोडून दिल्या. म्हणजे उरलेल्या पंचवीस मी प्रामाणिकपणे लिहिलेल्या वाक्यांत होत्या. माझा नायक रायफल खांद्याला लावून 'सपासप सहा गोळ्या' झाडतो, यावर बाबा पाच मिनिटं बोलत होते. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट, म्हणजे रायफलीची खिट्टी, मागे ओढावा लागतो म्हणे. मग नायक नळीच्या टोकावरच्या माशीतून, म्हणजे नेमाच्या खुणेतून, नेम धरतो असं मी लिहिलं होतं, आणि रायफलीला दुर्बीणही लावली होती. "हा एकाच वेळी दोन्हींतून बघतो? याला डोळे किती आहेत?"

"लेखक नवखा असावा," मी पुटपुटलो.

"नवखा? मूर्ख आहे! बंदूक कधी लांबून तरी पाहिलीय का त्याने? भित्रा असणार. भित्राच असणार. याचा पत्ता काढा. मला त्याला पत्र लिहायचंय."

मी कागद घेतला. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. 'महाशय, आपण शाई वाया घालवू नये' इथून सुरुवात झाली. माझ्याच हाताने मला लिहिलेलं हे पत्र चार पानांचं झालं. पाकिटावर पत्ता लिहिताना मी अडखळलो, तेव्हा बाबा म्हणाले, "माहीत नसेल तर तुमच्या वाचनालयाच्या पत्त्यावर टाका. पोचेल."

१ मार्च, शनिवार

वाचनालयात एक प्रकार घडला. देवघेवीच्या बाईंना माझ्या टेबलावर एक कागद सापडला. त्यावर मी लिहिलं होतं: 'माणूस दिसताच तीन सेकंदांत मारतो. मग प्रेत तिथेच टाकून जेवायला जातो. सासरे खवळतील का?' हा तिसऱ्या प्रकरणाचा आराखडा होता. बाईंनी कागद अध्यक्षांना दाखवला. अध्यक्ष आले, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "घरी काही ताणतणाव?" मी सगळं सांगितलं. त्यांनी आराखडा पुन्हा वाचला आणि म्हणाले, "तीन सेकंद फार कमी आहेत." म्हणजे आता तेही चुका काढायला लागले.

बाबांना रोज काही पानं लागतात. मी पहाटे उठून लिहितो. बायको चहा आणून शेजारी उभी राहते आणि चुका सुचवते. गणित शिकवणाऱ्या बाईंना चुकीचं अंतर इतकं सहज सुचावं याचं मला आश्चर्य वाटतं. वजन दोन किलोने वर आलंय. आज बाबा आपणहून अंघोळीला गेले आणि जाताना म्हणाले, "या लेखकाची एक गोष्ट बरी आहे. रोज हजर असतो."

५ मार्च, बुधवार

हातात वेळ आहे म्हणून आजचं जसंच्या तसं लिहून ठेवतो. मला ते नीटसं कळलेलं नाही.

रायफलीबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडचं संपलं होतं. म्हणून पाचवं प्रकरण निरोपाच्या प्रसंगाने वाढवलं. नायक लढाईवर निघतो. फलाटावर त्याची बायको त्याच्या गळ्यात पडते, आसवं ढाळते आणि म्हणते, 'प्राणनाथ, मी जन्मभर वाट पाहीन.' मला स्वतःला हा भाग फार आवडला होता. यात एकही चूक पेरलेली नव्हती.

"चूक," बाबा म्हणाले.

"यात कसली चूक, बाबा? इथे रायफल नाहीच."

"कुठली बायको असं बोलते? ती फलाटावर रडत नाही. ती विचारते, मोजे सगळे घेतलेत का. मग म्हणते, ते काळे राहिले असणार. आणि आपण एक शब्द बोलत नाही. बोललो तर गाडीतून उतरून पडू." त्यांनी हाताने पान उलटायची खूण केली. "पुढे वाचा. ती पत्र लिहिते का?"

मी वाचलं. नायकाची बायको लिहिते की चंद्र पाहिला की तुमचा मुखडा आठवतो.

"चूक! सगळं चूक!" बाबा उठलेच. "चंद्र कसला? ती लिहायची, मोरीतला नळ गळतोय. प्रत्येक पत्रात. नळ गळतोय, रात्रभर टपटप होते, झोप लागत नाही, इथला माणूस नीट करून देत नाही, तुम्ही आलात की बघा. तीन वर्षं नळ गळत होता. मी सोळा-सोळा तास बर्फात पालथा पडून असायचो, जावईबापू, हातापायाला संवेदना नाही, आणि डोक्यात काय? वॉशर कोणत्या मापाचा लागेल. मरून चालणार नव्हतं. घरी तो नळ होता."

दारात बायको उभी होती. तपासायच्या वह्यांचा गठ्ठा छातीशी धरून. ती कधी आली मला कळलं नाही. हळूच म्हणाली, "मग आल्यावर केलात का नीट?"

"पेटीतून पाना काढला आणि बूटसुद्धा न काढता मोरीत गेलो." बाबा खुर्चीत बसले. "नळ ठणठणीत होता. नवाकोरा. शेजारीण म्हणाली, तुम्ही गेल्यानंतर पहिल्याच महिन्यात बाईंनी तो बदलून घेतला. मी तुझ्या आईला विचारलं, तर म्हणाली, 'हो का? बदलला होता का मी?' आणि चहा टाकायला गेली. जन्मभर कबूल केलं नाही तिने."

आणि बाबा रडू लागले. मोठ्याने, तोंडावर हात न घेता. बायकोने वह्या तशाच जमिनीवर सोडल्या, त्यांच्या खुर्चीशी बसली आणि तीही रडू लागली. मी कागद हातात घेऊन स्टुलावर बसून राहिलो. मलाही रडू आलं, पण मी लेखक असल्यामुळे मला वाटलं, आपलं प्रकरण अर्ध्यावर राहिलंय.

थोड्या वेळाने बाबांनी नाक पुसलं. म्हणाले, "भूक लागलीय." मग माझ्या दिशेने वळून, म्हणजे नेहमीसारखं माझ्या थोडं बाजूला बघत म्हणाले, "त्या तुमच्या लेखकाला सांगा, पुस्तक संपवायची घाई करू नको म्हणावं. आणि तिसऱ्या पानानंतर पाणी पीत जा म्हणावं, घसा बसतो त्याचा." लेखकाच्या घशाचं यांना काय ठाऊक, कोण जाणे. वयोमानाने असं होतं.

जेवण झाल्यावर मी बायकोला म्हणालो, "सासूबाईंविषयी मला नितांत आदर आहे, पण हे काही मला पटलं नाही. एवढ्या लांब गेलेल्या माणसाला तीन वर्षं धडधडीत खोटं लिहायचं? त्याला काम राहावं म्हणून नसलेला बिघाड सांगायचा? सत्याची चाड असलेल्या माणसाला असलं काही जमणार नाही."

बायको माझ्याकडे बघतच राहिली. मग ती हसायला लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं. माझ्या शर्टाची कॉलर नीट करून म्हणाली, "नाही हो जमणार तुम्हाला." आणि चोवीस वर्षांत पहिल्यांदा तिने न सांगता माझ्या पेनात शाई भरून ठेवली.

असो. उद्याच्या सहाव्या प्रकरणात किमान अकरा चुका बसवायच्या आहेत.